गर्भातील दिवस आणि जन्माची वेळ : वाचकांचे प्रश्न

गर्भाची वाढ आणि प्रसूती यांविषयी आलेल्या पत्रांतून काही प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. पत्रे थोडक्यात दिली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत. बहुतेक पत्रांच्या मुळाशी एकच काळजी दिसते : अमुक गोष्ट कधी व्हायला हवी, आणि ती त्या वेळी झाली नाही तर काय? म्हणून उत्तरे देताना काळाचा हिशेब शक्य तितका स्पष्ट ठेवला आहे.

प्रश्न : माझ्या सोनोग्राफीच्या अहवालात गर्भ ९ आठवड्यांचा असल्याचे लिहिले आहे. आमच्या हिशेबाने गर्भधारणा होऊन जेमतेम ७ आठवडे झाले आहेत. अहवालात चूक आहे का?

उत्तर : अहवालही बरोबर आहे आणि आपला हिशेबही बरोबर आहे, दोन्हींची सुरुवात मात्र वेगवेगळ्या दिवशी होते. डॉक्टर गरोदरपणाचे दिवस शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, कारण तो दिवस बहुतेक स्त्रियांना सांगता येतो, आणि फलन नेमके कोणत्या दिवशी झाले हे सहसा कोणालाच सांगता येत नाही. नियमित २८ दिवसांनी पाळी येत असेल, तर स्त्रीबीज साधारणपणे चौदाव्या दिवसाच्या सुमारास बाहेर पडते आणि फार तर एक दिवस फलनक्षम राहते. शुक्राणू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. म्हणूनच डॉक्टरांच्या हिशेबाने पूर्ण दिवस २८० म्हणजे ४० आठवडे होतात, तर फलनापासून मोजल्यास ते २६६ म्हणजे ३८ आठवडे भरतात. पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीत गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून काढलेले वय सर्वांत भरवशाचे असते, कारण त्या काळात सर्व गर्भ जवळपास सारख्याच गतीने वाढतात. पुढे प्रत्येकाची चाल वेगळी होत जाते आणि मोजमापातली तफावतही वाढते.

याच अनुषंगाने एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. प्रसूतीची म्हणून दिलेली तारीख हा एक अंदाज असतो. नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळे साधारण वीसात एक असतात. ३७ आठवड्यांपूर्वीचा जन्म अकाली समजला जातो आणि ४२ आठवड्यांपुढे गेल्यास दिवस उलटले असे म्हणतात. त्या दरम्यान तारीख चार दिवस अलीकडे-पलीकडे झाली म्हणून घाबरू नये. ४१ आठवडे पूर्ण झाल्यावर मात्र पुढे काय करायचे हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे. पुढील उत्तरांत जेथे ‘फलनापासून’ असे म्हटले आहे, तेथे डॉक्टरांच्या हिशेबासाठी दोन आठवडे मिळवावेत.

प्रश्न : मी शाळेत शिकतो. पोटात अगदी सुरुवातीपासून एक इवलेसे बाळ तयार असते आणि ते फक्त मोठे होत जाते, असे माझी आजी म्हणते. हे खरे आहे का?

उत्तर : तुझ्या आजीला जे वाटते ते एके काळी मोठमोठ्या विद्वानांनाही वाटत होते. सूक्ष्मदर्शक नवा असताना, १६९४ साली, निकोलास हार्टसुकर या डच अभ्यासकाने शुक्राणूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला एक चिमुकला माणूस असावा असे चित्रच काढले होते. त्यानंतर कास्पार फ्रीड्रिश वोल्फ याने कोंबडीच्या अंड्यांतील पिलाची वाढ पाहून १७५९ साली असे मांडले की, अवयव आधीपासून तयार नसतात, ते एकामागून एक घडत जातात. सस्तन प्राण्याचे स्त्रीबीज प्रत्यक्ष पाहिले गेले ते त्याच्याही नंतर, १८२७ साली. कार्ल एर्न्स्ट फॉन बेअर याने ते कुत्रीच्या अंडाशयात पाहिले.

माणसाच्या स्त्रीबीजाचा व्यास सुमारे एक दशांश मिलीमीटर असतो, म्हणजे ते डोळ्यांना एखाद्या सूक्ष्म ठिपक्याएवढेच दिसेल. फलन गर्भनलिकेत होते. त्यानंतर त्या एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार अशा पेशी होत जातात, परंतु पहिले काही दिवस तो गोळा मोठा होतच नाही; बाहेरचे कवच तेवढेच राहते आणि आतल्या पेशी प्रत्येक विभाजनागणिक लहान होत जातात. पाचव्या दिवसाच्या सुमारास त्याच्या मध्ये पाण्याची पोकळी तयार होते आणि पेशींची पहिली वाटणी होते. बाहेरच्या थरातील पेशी पुढे वार तयार करतात, आणि आत एका बाजूला जमलेल्या मूठभर पेशींपासून बाळ घडते. पहिल्या आठवड्यात जन्माला यायच्या जिवापेक्षा त्याला पोसणाऱ्या वारेचीच तयारी अधिक चाललेली असते, हे मला नेहमी विचार करण्यासारखे वाटते. सहाव्या-सातव्या दिवशी हा गोळा गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागतो.

खरी घडण तिसऱ्या आठवड्यात सुरू होते. तोपर्यंत बाळाच्या जागी दोन थरांची एक चपटी चकती असते, तिला मध्ये तिसरा थर येतो. वरच्या थरापासून त्वचा, मेंदू आणि मज्जारज्जू होतात. मधल्या थरापासून हृदय, हाडे, स्नायू आणि मूत्रपिंडे होतात. खालच्या थरापासून आतड्याचे व फुप्फुसांचे अस्तर आणि यकृत होते. वरच्या थराच्या मधोमध एक पन्हळ पडते, तिच्या दोन्ही कडा उचलल्या जाऊन एकमेकींना भेटतात आणि नळी तयार होते. ही नळी म्हणजेच भावी मेंदू आणि मज्जारज्जू. फलनापासून २८ दिवसांच्या सुमारास तिची दोन्ही टोके बंद झालेली असतात. हृदय तर चार कप्पे पडण्याच्या कितीतरी आधी, साधी नळी असतानाच, २२ व्या दिवसाच्या सुमारास हालू लागते.

आता आपला हात कसा होतो ते जरा जवळून पाहू. चौथ्या आठवड्यात धडाच्या बाजूला एक बारीक उंचवटा येतो. तो वाढून त्याचे टोक वल्ह्याच्या पात्यासारखे चपटे होते, आणि त्या पात्यात पाच दाट रेषा उमटतात. बोटे या पात्यातून बाहेर फुटत नाहीत. त्या पाच रेषांच्या मधल्या जागेतील पेशी ठरल्या वेळी मरतात, आणि त्या गेल्या म्हणजे बोटे सुटी होतात. त्या पेशी मेल्या नाहीत तर बोटे जुळलेली राहतात. शरीर घडताना पेशी निर्माण होणे जितके आवश्यक असते, तितकेच काही पेशींनी वेळेवर नाहीसे होणेही आवश्यक असते. मूत्रपिंडांचे तर याहून नवल आहे : मूत्रपिंडाच्या तीन जोड्या एकामागून एक तयार होतात, पहिल्या दोन विरून जातात आणि तिसरी जोडी कायम राहते. आतडे इतक्या वेगाने वाढते की काही आठवडे पोटात त्याला जागाच पुरत नाही; ते नाळेच्या मुळाशी बाहेर येते, फलनापासून दहाव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा आत जाते, आणि या जाण्यायेण्यात वळत वळत आपल्या कायमच्या जागी बसते.

आठवा आठवडा संपता संपता हा जीव सुमारे तीन सेंटीमीटर लांब असतो आणि सर्व मुख्य अवयवांची मांडणी झालेली असते. यापुढचे काम बहुतांशी वाढण्याचे आणि पक्व होण्याचे असते. तेव्हा तिसऱ्या महिन्यानंतरच्या काळापुरते आजीचे म्हणणे बरेचसे खरे आहे, हे तिला अवश्य सांग.

प्रश्न : पाळी चुकल्याचे लक्षात येण्यापूर्वी मी तापावर आणि सर्दीवर औषधे घेतली. आता बाळात व्यंग येईल या भीतीने झोप लागत नाही. मी पहिलटकरीण आहे.

उत्तर : आपल्या भीतीचे कारण समजू शकते, परंतु आपण दिलेल्या माहितीवरून घाबरण्यासारखे काही दिसत नाही. फलनानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत गर्भाच्या पेशींना अजून वेगवेगळी कामे वाटून दिलेली नसतात. या काळात मोठा अपाय झाला तर गर्भ बहुधा टिकतच नाही, आणि टिकला तर उरलेल्या पेशी नुकसान भरून काढतात. पाळी चुकण्याचा दिवस साधारणपणे याच दोन आठवड्यांच्या शेवटी येतो. अवयव घडण्याचा नाजूक काळ त्यानंतरचा, फलनापासून तिसऱ्या ते आठव्या आठवड्यापर्यंतचा असतो.

काळाचे हे महत्त्व जगाला फार मोठी किंमत देऊन कळले. थॅलिडोमाइड हे झोपेचे आणि मळमळीवरचे औषध १९५७ साली पश्चिम जर्मनीत बाजारात आले आणि १९६१ च्या अखेरीस तेथे मागे घेण्यात आले. तेवढ्या काळात हातपाय अपुरे राहिलेली सुमारे दहा हजार बालके जगभर जन्मल्याचा अंदाज केला जातो. नंतरच्या अभ्यासातून असे दिसले की, हे औषध फलनापासून साधारण २० ते ३६ या दिवसांत घेतले गेले तेव्हाच ही व्यंगे उद्भवली, आणि त्या दिवसांतही कोणत्या दिवशी घेतले त्यावर कोणता अवयव बिघडला हे ठरले. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी यांनी पुराव्याअभावी त्या औषधाला परवानगी नाकारली, त्यामुळे तेथील असंख्य कुटुंबे या आपत्तीतून वाचली. औषधांची गर्भावरील परिणामांच्या दृष्टीने काटेकोर तपासणी होऊ लागली ती या घटनेनंतर.

आपण एवढेच करावे : घेतलेल्या गोळ्यांची नावे आणि तारखा एका कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवाव्यात. यापुढे कोणतेही औषध विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि आकडी, रक्तदाब किंवा थायरॉइड यांवरचे औषध पूर्वीपासून चालू असेल तर तेही मनाने बंद करू नये, कारण ते अचानक थांबवणे अधिक घातक ठरू शकते. मद्य आणि तंबाखू मात्र पूर्ण वर्ज्य.

जाता जाता, गर्भधारणेचा विचार करणाऱ्या सर्व वाचक भगिनींसाठी एक विनंती. मज्जारज्जूची नळी २८ व्या दिवसापर्यंत बंद होते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात आणि अनेकींना दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते. ही नळी नीट बंद व्हावी यासाठी फॉलिक ॲसिड लागते, आणि म्हणून दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी गर्भधारणेच्या आधीपासूनच सुरू करायची असते. ज्या स्त्रियांच्या आधीच्या बाळात हा दोष होता, त्यांनी याहून मोठी मात्रा घेतल्यास तो दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी घटते, असे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीने दाखवून दिले. ती मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. रुबेला म्हणजे जर्मन गोवर झालेला नसेल, तर त्याची लसही गर्भधारणेपूर्वीच घ्यावी. गरोदरपणात ती देत नाहीत.

प्रश्न : आईचेच रक्त बाळाच्या अंगात फिरते, मग आई आणि बाळ यांचे रक्तगट वेगळे कसे असू शकतात?

उत्तर : आईचे रक्त बाळाच्या अंगात फिरत नाही. वारेमध्ये बाळाच्या बाजूने असंख्य फांद्या फुटलेले सूक्ष्म तंतू असतात, त्यांच्या आत बाळाचे रक्त वाहते आणि बाहेरून ते आईच्या रक्तात बुडालेले असतात. मधल्या अतिशय पातळ पडद्यातून प्राणवायू, साखर, क्षार आणि पाणी बाळाकडे जातात, तर कार्बन डायऑक्साइड आणि टाकाऊ द्रव्ये आईकडे येतात. दिवस भरले म्हणजे वारेचे वजन सुमारे अर्धा किलो असते आणि नाळ ५० ते ६० सेंटीमीटर लांब असते. नाळेत एक शीर आणि दोन धमन्या असतात. त्यांतील शुद्ध रक्त शिरेतून येते, हे मोठ्या माणसाच्या शरीराच्या नेमके उलट आहे. बाळाचे हिमोग्लोबिनही वेगळ्या प्रकारचे असून ते प्राणवायू अधिक ओढीने धरून ठेवते, म्हणून आईच्या रक्तातून तो बाळाच्या रक्ताकडे सहज वळतो.

हा पडदा सर्व काही अडवतो असे मात्र समजू नये. मद्य, निकोटीन, अनेक औषधे आणि काही विषाणू त्यातून पार होतात. आईच्या रक्तातील प्रतिपिंडेही होतात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, आणि जन्मानंतरचे काही महिने बाळाला त्यांचाच आधार असतो. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर प्रसूतीच्या वेळी बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळू शकते. त्यामुळे आईच्या शरीरात तयार होणारी प्रतिपिंडे पुढच्या खेपेच्या बाळाला बाधतात. यावर अँटी-डी नावाचे इंजेक्शन असते, आणि प्रसूतीनंतर ते ७२ तासांच्या आत द्यायचे असते. आपला गट निगेटिव्ह असेल तर ही गोष्ट डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावी.

प्रश्न : पोटातील बाळाला आमचे बोलणे ऐकू येते का?

उत्तर : डॉक्टरांच्या हिशेबाने २५ आठवड्यांच्या सुमारास बाळ मोठ्या आवाजाला प्रतिसाद देऊ लागते. आईच्या हृदयाचे ठोके, तिच्या आतड्यांचे आवाज आणि तिचा स्वर त्याला सर्वाधिक ऐकू येतात. बाहेरचे बोलणे पोहोचते ते दबलेले, त्यातील चढउतारांसह. नवजात बालके परक्या स्त्रीच्या आवाजापेक्षा आपल्या आईचा आवाज पसंत करतात, हे १९८० साली प्रयोगाने सिद्ध झाले आहे. आपण अवश्य बोलावे. ऐकून बाळ पोटातच विद्या शिकेल अशी अपेक्षा मात्र बाळगू नये.

प्रश्न : सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगते पण आठव्या महिन्यात जन्मलेले जगत नाही, असे घरातील वडीलधारी मंडळी ठामपणे सांगतात. माझ्या सुनेला आठवा महिना लागला आहे.

उत्तर : आपण निश्चिंत असावे. ही समजूत फार प्राचीन आहे. ग्रीक वैद्यकातील हिपोक्रेटिसच्या परंपरेतील लेखनातही ती आढळते. परंतु ती खरी नाही. गर्भात राहिलेला प्रत्येक अधिक आठवडा बाळाच्या फायद्याचा असतो, आणि आठव्या महिन्यातील बाळ सातव्या महिन्यातील बाळापेक्षा नेहमीच अधिक सक्षम असते.

अकाली जन्मलेल्या बाळाची सर्वांत मोठी अडचण फुप्फुसांची असते. फुप्फुसांतील सूक्ष्म वायुकोश श्वास सोडल्यावर मिटून जाऊ नयेत म्हणून त्यांच्या आत सरफॅक्टंट नावाच्या द्रव्याचा पातळ लेप लागतो. हे द्रव्य २४ आठवड्यांच्या सुमारास तयार होऊ लागते, पण पुरेसे होण्यास ३४-३५ आठवडे लागतात. अकाली जन्मलेली बाळे श्वास घेताना धापा का टाकतात, याचे कारण सरफॅक्टंटचा अभाव हे आहे, असे मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ साली दाखवले. पुढे १९७२ साली लिगिन्स आणि हॉवी यांनी असे सिद्ध केले की, अकाली प्रसूती होणार असे दिसताच आईला स्टिरॉइडचे इंजेक्शन दिल्यास बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. आज जगातील असंख्य बाळे या दोन शोधांमुळे जगतात. म्हणून आपल्या सुनेला दिवस भरण्यापूर्वी नियमित अंतराने कळा येऊ लागल्या किंवा पाणी जाऊ लागले, तर वाट न पाहता तिला दवाखान्यात न्यावे. या इंजेक्शनला काम करण्यासाठी काही तास मिळावे लागतात.

प्रश्न : खऱ्या आणि खोट्या कळा कशा ओळखाव्यात?

उत्तर : खोट्या कळा अनियमित असतात, बसल्या जागेवरून उठून चालल्यास किंवा विश्रांती घेतल्यास कमी होतात. खऱ्या कळांतील अंतर कमी होत जाते, जोर वाढत जातो आणि विश्रांतीने त्या थांबत नाहीत. पाणमोट फुटली, अंगावरून लाल रक्त गेले किंवा बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी जाणवली, तर कळा नसल्या तरी त्वरित डॉक्टरांकडे जावे.

प्रश्न : बाळाचे डोके एवढे मोठे आणि वाट एवढी अरुंद असताना नैसर्गिक प्रसूती होते तरी कशी? त्या विचारानेच मला धडकी भरते.

उत्तर : डोके सरळ रेषेत ढकलले जात नाही, ही गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी. कंबरेच्या हाडांच्या ज्या कड्यातून बाळाला यायचे असते, त्याचे वरचे तोंड आडवे रुंद असते आणि खालचे तोंड पुढून मागे रुंद असते. त्यामुळे बाळ आत शिरताना तोंड आईच्या कुशीकडे करून शिरते. खाली उतरताना त्याची हनुवटी छातीला टेकते, आणि त्यामुळे डोक्याचा सुमारे साडेअकरा सेंटीमीटरचा व्यास पुढे येण्याऐवजी साडेनऊ सेंटीमीटरचा व्यास पुढे येतो. हे दोन सेंटीमीटर फार मोलाचे असतात. मग डोके जवळपास पाव वर्तुळ वळते आणि बाळाचे तोंड आईच्या पाठीकडे होते. माथा बाहेर दिसू लागल्यावर मान मागे वळते, आणि कपाळ, नाक, तोंड, हनुवटी या क्रमाने चेहरा बाहेर येतो. डोके बाहेर आल्यावर ते पुन्हा कुशीकडे वळलेले दिसते, कारण आता आतमध्ये खांदे वळत असतात. आधी पुढचा खांदा सुटतो, नंतर मागचा, आणि उरलेले शरीर क्षणात बाहेर येते.

बाळाच्या कवटीची हाडेही या प्रवासाला अनुकूल असतात. ती सांधलेली नसल्यामुळे दाब आला की किंचित एकमेकांवर सरकतात. जन्मल्यावर डोके लांबट दिसते ते यामुळेच, आणि काही दिवसांत ते पूर्ववत होते. पुढची टाळू भरायला साधारण दीड वर्ष लागते, कारण त्या काळात मेंदू झपाट्याने वाढत असतो.

आता कळांविषयी. प्रत्येक कळेबरोबर गर्भाशयाच्या वरच्या भागातील स्नायू आखडतात, आणि कळ ओसरल्यावर ते पूर्वीच्या लांबीवर परत जात नाहीत, किंचित आखूडच राहतात. अशा रीतीने कळेगणिक गर्भाशयाचे तोंड वर ओढले जाऊन पातळ होते आणि दहा सेंटीमीटरपर्यंत उघडते. बाळाच्या डोक्याचा दाब त्या तोंडावर पडला की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक अधिक स्रवते, त्याने कळा वाढतात, कळांनी दाब वाढतो, आणि हे चक्र बाळ बाहेर येईपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनानुसार गर्भाशयाचे तोंड पाच सेंटीमीटर उघडल्यापासून प्रसूतीचा सक्रिय टप्पा धरला जातो. पहिलटकरणीच्या बाबतीत तो सहसा बारा तासांच्या आत पूर्ण होतो, आणि तोंड पूर्ण उघडल्यानंतर बाळ बाहेर येण्यास तीन तासांपर्यंत वेळ लागू शकतो. दर तासाला एक सेंटीमीटर उघडलेच पाहिजे, हा जुना दंडक सर्वांना लावू नये, असेही त्याच मार्गदर्शनात म्हटले आहे. मला हा बदल अतिशय स्वागतार्ह वाटतो, कारण नुसत्या घड्याळाकडे पाहून स्त्रीला ‘तुझी प्रगती मंद आहे’ असे सांगणे तिचा धीर खचवणारे असते.

बाळ पायाळू असेल, म्हणजे डोके वर आणि ढुंगण किंवा पाय खाली असतील, तर विचार वेगळा करावा लागतो. दिवस भरताना अशी बाळे शंभरात तीन-चारच असतात, आणि त्यांतील काहींना शेवटच्या आठवड्यांत पोटावरून हळुवार दाब देऊन डॉक्टर वळवू शकतात. कधी शस्त्रक्रियाच योग्य असते, आणि ती आवश्यक ठरली तर त्यात कोणतीही उणीव मानू नये. बाळंत होताना सतत सोबत असणारी, विश्वासाची व्यक्ती असावी, असे मात्र मी आग्रहाने सुचवेन. अशा सोबतीने प्रसूती सुरळीत होण्यास मदत होते, हे अभ्यासांतून दिसून आले आहे.

प्रश्न : नऊ महिने पाण्यात राहिलेले बाळ जन्मताच हवेत श्वास कसे घेते? आणि नाळ लगेच का कापली नाही, असा प्रश्न आमच्या मुलाच्या जन्माच्या वेळी आम्हाला पडला होता.

उत्तर : माणसाच्या आयुष्यात एवढ्या थोड्या वेळात शरीराच्या कामकाजात एवढा मोठा बदल पुन्हा कधीही होत नाही. गर्भात फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात. बाळ छाती हलवून श्वासाचा सराव करते, पण प्राणवायू वारेतून येत असल्यामुळे फुप्फुसांकडे फारसे रक्त पाठवण्याची गरज नसते. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांच्या मध्ये एक छिद्र असते, त्याला एकाच बाजूने उघडणारी झडप असते आणि तिच्यातून रक्त उजवीकडून डावीकडे जाते. जे रक्त तरीही फुप्फुसांच्या धमनीत पोहोचते, त्यातील बरेचसे एका जोडवाहिनीतून थेट महाधमनीत वळवले जाते.

कळा सुरू झाल्यावर फुप्फुसांतील द्रव शोषला जाऊ लागतो. बाळ बाहेर येते, त्याला गार हवा लागते, अंग पुसले जाते, आणि पहिला श्वास आत ओढला जातो. फुप्फुसे उघडताच त्यांतील रक्तवाहिन्या सैल होतात आणि रक्त तिकडे धाव घेते. ते रक्त हृदयाच्या डाव्या कप्प्यात परत आले की तेथील दाब वाढतो आणि झडप छिद्रावर दाबून बसते. जोडवाहिनी एक ते तीन दिवसांत आखडून बंद होते. झडप पुढे कायमची चिकटते, तरी सुमारे एक चतुर्थांश प्रौढांत ती पूर्ण चिकटलेली नसते आणि त्यांना त्याचा सहसा पत्ताही लागत नाही.

नाळेविषयी आपण जे पाहिले ते योग्यच होते. जन्मानंतर काही मिनिटे वारेतून बाळाकडे रक्त येत राहते, म्हणून निदान एक मिनिट थांबूनच नाळ बांधावी असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. त्या अधिक रक्तामुळे बाळाच्या शरीरातील लोहाचा साठा पुढील काही महिन्यांसाठी वाढतो. बाळ श्वास घेत नसेल तर डॉक्टरांना निर्णय लवकर घ्यावा लागतो. नाळेला संवेदना नसते, त्यामुळे ती कापताना बाळाला किंवा आईला वेदना होत नाहीत.

प्रश्न : आमच्या मुलीच्या कागदपत्रांवर पहिल्या मिनिटाला ‘अपगार ८’ असे लिहिले आहे. दोन गुण का कापले? तिच्या बुद्धीवर काही परिणाम होईल का?

उत्तर : नाही. भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया अपगार यांनी १९५२ साली ही पद्धत तयार केली, ती जन्मलेल्या बाळाला तातडीच्या मदतीची गरज आहे का हे कोणालाही झटपट ठरवता यावे म्हणून. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, डिवचल्यावर मिळणारा प्रतिसाद आणि त्वचेचा रंग या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देतात, आणि ही पाहणी पहिल्या व पाचव्या मिनिटाला करतात. पहिल्या मिनिटाला जवळपास प्रत्येक निरोगी बाळाचे तळहात आणि तळपाय निळसर असतात, कारण रक्त आधी हृदयाकडे आणि मेंदूकडे जाते. रंगाचा एक गुण तेथेच जातो, म्हणून दहापैकी दहा गुण विरळाच मिळतात. दुसरा गुण बहुधा तिने किंचित उशिरा आवाज केला किंवा हातपाय थोडे सैल होते म्हणून गेला असेल. सात किंवा त्याहून अधिक गुण समाधानकारक मानले जातात. पुढील आयुष्यातील बुद्धी मोजण्यासाठी हा आकडा कधीच नव्हता. पाचव्या मिनिटाचा आकडा त्याच कागदावर शेजारी लिहिलेला असेल, तोही आपण पाहावा.